२९ खाली, १४ वर

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३६ वर्षांची, हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड. घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा. सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या भागासाठी गेल्या वर्षी तिला फ्लोअर मार्शल नेमलं, म्हणजे आगीच्या वेळी तिथल्या सगळ्यांना खाली उतरवायचं आणि मोजायचं काम तिचं. एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताहात ऑफिसात फायर ड्रिल झालं. हूटर वाजला तेव्हा टीमचं क्लायंटसाठी तातडीचं काम चालू होतं. मॅनेजर म्हणाले, "तू जा, तुझ्या अंगावर जॅकेट आहे. बाकीच्यांना राहू दे. आपलं इथे खरं फायर ड्रिल चालू आहे." त्या दिवशी त्या भागात ४३ जण हजर होते. २९ खाली उतरले, १४ खुर्चीवरून उठले नाहीत. असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे खाली सगळ्यांनी जमायच्या जागी, ॲडमिनच्या माणसाने हेडकाउंट विचारला आणि तिने शीटवर ४३ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मेल आला: शंभर टक्के सहभाग, अभिनंदन.

त्या टीममध्ये 'फायर ड्रिल' हा रोजचा शब्द आहे. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा काही निरोप आला की हातातलं टाकून सगळ्यांनी त्याच्यामागे लागायचं, याला ते फायर ड्रिल म्हणतात. घरी फोन करून ती तेच सांगते, "आज फायर ड्रिल आहे, उशीर होईल." जूनमध्ये मुलाच्या शाळेत ड्रिल झालं. घरी आल्यावर त्याने विचारलं, "आई, तुमच्याकडे तर सारखं फायर ड्रिल असतं, मग तू खाली का नाही येत?" त्या रात्रीपासून तिला नीट झोप नाही. ती विचारते: तो आकडा आता उकरून काढू का? खरी आग लागली असती तर सगळे उठलेच असते, मग एवढं मनाला का लागावं? मॅनेजर माणूस वाईट नाहीत, अप्रेझल जवळ आलंय. की सरळ नोकरीच सोडू?

तुमच्या मुलाचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. शाळेत त्याला सांगितलं असणार की ड्रिल म्हणजे दप्तर तिथेच ठेवायचं, रांग करायची, पळायचं नाही आणि मैदानात जाऊन बाईंना हजेरी द्यायची. त्याच्या आईच्या ऑफिसात त्याच शब्दाचा अर्थ आहे जागेवरून हलायचं नाही, डबा तसाच राहू द्यायचा आणि घरी कधी पोचू ते विचारायचं नाही. हे दोन अर्थ एकाच घरात इतके दिवस राहत होते, त्यांची गाठ त्याने घालून दिली. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पण तो प्रश्न सोडूनही देऊ नका, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

हा शब्द इंग्रजी ऑफिसांतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ साधा आहे: आग लागलेली नसताना, लागली तर काय करायचं याचा सराव. पुढे ऑफिसच्या बोलण्यात तो अशा धावपळीला चिकटला, जी अचानक अंगावर येते, सगळ्यांना कामाला लावते आणि संपल्यावर पुष्कळदा कळतं की तसं काही जळतच नव्हतं. प्रत्यक्षात आग नाही, एवढंच दोन्हींत सारखं. खऱ्या ड्रिलची वेळ कोणीतरी शांत डोक्याने ठरवलेली असते. कोणाचं ऐकायचं ते माहीत असतं. कोणी धावत नाही. शेवटी मोजणी होते आणि "आता वर चला" असं सांगणारं माणूस असतं. तुमच्या शुक्रवारच्या ड्रिलची सुरुवात क्लायंटच्या हातात, शेवट कोणाच्याच हातात नाही आणि कोण किती दमलं ते कोणी मोजत नाही. म्हणजे ज्या शब्दाने माणसाला घाबरगुंडीपासून वाचवायचं, तोच शब्द तुमच्याकडे घाबरगुंडीचं नाव झाला आहे. आणि जी टीम तो शब्द आठवड्याला ऐकते, तिचे कान हूटरला बधिर होणारच. रोज मरे त्याला कोण रडे, ही आपली म्हण घंटेलाही लागू पडते.

मला स्वतःला फायर ड्रिलपेक्षा 'रंगीत तालीम' हा आपला शब्द फार जवळचा वाटतो. नाटकवाल्यांना विचारा, रंगीत तालीम कशासाठी करता? पोशाख, दिवे, पडदा सगळं खऱ्यासारखं असतं, समोर प्रेक्षक तेवढे नसतात. ती अशासाठी करायची, की शेला पायात अडकतो, विंगेतून येण्याच्या वाटेवर कोणीतरी टेबल ठेवलंय, दुसऱ्या अंकातला दिवा उशिरा लागतो, हे सगळं त्याच दिवशी कळावं. तालमीत चूक सापडणं हे तालमीचं काम आहे. या नजरेने तुमचा आकडा पाहा. '४३ पैकी २९' ही त्या दिवशी हाती आलेली सगळ्यात मोलाची गोष्ट होती. तातडीच्या कामाला बसलेली टीम हूटर वाजला तरी उठत नाही, हे आगीशिवाय, कोणाला चटका न बसता, कंपनीला कळणार होतं. शीटवर ४३ लिहिलं गेलं आणि ते कळायचं राहिलं.

तुम्ही विचारलंय की एवढं मनाला का लागावं. मला वाटतं, तुमच्या मनाला हेडकाउंटचा अर्थ नीट कळलेला आहे, तुम्ही तो स्वतःशी उच्चारला नाही एवढंच. खऱ्या आगीत बंब येतो तेव्हा त्यावरचा अधिकारी पहिल्यांदा विचारतो, आत कोणी आहे का? त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या त्या कागदावर असतं. ४३ पैकी २९ लिहिलेलं असेल तर त्याची माणसं १४ जणांना शोधायला सातव्या मजल्यावर जातात. ४३ लिहिलेलं असेल तर कोणी जात नाही. उलटंही तितकंच खरं: जो माणूस दुपारीच घरी गेलाय तो हजेरीत राहिला, तर त्याला शोधायला एखादा जवान धुरात शिरतो. त्या आकड्यावर दोन्ही बाजूंचे जीव टांगलेले असतात. म्हणून झोप येत नाही, आणि त्यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही.

तुमचं ड्रिल ज्या सप्ताहात झालं, त्याची तारीखही आठवून पाहा. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या आणि जवळजवळ १,४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवान पाण्याचा मारा करत राहिले. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती, तो या जहाजावर नव्हता. जहाज गोदीबाहेर ओढून न्यायचं की तिथेच बुडवायचं, यावर धक्क्यावर वेगवेगळे अधिकारी वेगवेगळं बोलत राहिले. शेवटचा शब्द नक्की कोणाचा, हेच कोणाला स्पष्ट नव्हतं. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले, आणि शहरातली शेकडो माणसं. दर वर्षी १४ एप्रिलला त्यांची आठवण म्हणून अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि पुढे २० तारखेपर्यंत सप्ताह. तुमच्या ऑफिसातलं ड्रिल त्या माणसांच्या नावाने झालं होतं.

हे मी तुम्हाला ओशाळवाणं वाटावं म्हणून सांगत नाही. त्या गोदीतली एक गोष्ट तुमच्या सातव्या मजल्यावर जशीच्या तशी होती म्हणून सांगते आहे: त्या दहा मिनिटांत शेवटचा शब्द कोणाचा? तुम्हाला जॅकेट दिलं, शिटी दिली, शीट दिली. पण हूटर वाजल्यावर मार्शलचं म्हणणं मॅनेजरच्या वर, हे त्या मजल्यावर कोणी कधी सांगितलं होतं का? तुमच्या पत्रावरून नाही असं दिसतं. जबाबदारी तुमच्या गळ्यात आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशा जागी उभं राहून तुम्ही तो आकडा लिहिलात. चूक तुमची आहे, पण ती एकट्या तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ज्यावर तुम्ही स्वतःची समजूत घालताय: खरी आग लागली असती तर सगळे उठलेच असते. मलाही असंच वाटायचं. १९६८ साली बिब लटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा न्यूयॉर्कमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायचा. खोलीत एकटाच असलेल्यांपैकी ७५ टक्के उठले आणि बाहेर जाऊन कोणाला तरी सांगून आले. मग तोच प्रयोग दोन माणसं सोबत बसवून केला. ती दोघं प्रयोगकर्त्यांचीच होती, धूर दिसला तरी खांदे उडवून लिहीत राहायचं असं त्यांना सांगितलेलं होतं. तेव्हा उठून सांगणारे उरले फक्त १० टक्के. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत होते आणि फॉर्म भरत होते. तुमचे १४ जण आळशी नव्हते, बेफिकीरही नव्हते. खोलीतला सगळ्यात मोठा माणूस बसलेला होता, म्हणून ते बसले. खऱ्या आगीतसुद्धा सुरुवातीला फक्त थोडासा धूरच असतो, आणि "पँट्रीत काहीतरी करपलं असेल" असं म्हणणारं कोणीतरी असतंच.

मी बँकेत ३१ वर्षं काढली. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत एका दुपारी विजेच्या पॅनेलने पेट घेतला. मागच्या बाजूला दार होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे पुढच्या शटरकडेच गेलो, कारण रोज तिथूनच आत यायचो. त्या गर्दीतून मी परत फिरले आणि ड्रॉवरमधल्या किल्ल्या घ्यायला टेबलाशी गेले. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक गेला. तेवढ्यात धूर छातीपर्यंत उतरला. एका शिपायाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. नंतर पाहिलं तर मागच्या दारापुढे जुन्या लेजरांची थप्पी लावलेली होती. त्या शाखेत मी सहा वर्षं होते, आणि त्या सहा वर्षांत एकदाही ड्रिल झालं नव्हतं. झालं असतं तर ती थप्पी पहिल्याच दिवशी दिसली असती. संकटात माणूस विचार करून काही नवीन करत नाही, हाताला-पायाला जे ठाऊक आहे तेच करतो, हे मी तेव्हापासून धरून आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळला कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि १४ जण गेले. त्यांतले बरेच जण आसरा म्हणून स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. बाहेर जायची वाट पायांना माहीत नव्हती.

'कामाचं नुकसान' हा मुद्दा तुमचे मॅनेजर काढतील, म्हणून आणखी एकाची गोष्ट सांगते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मॉर्गन स्टॅन्लीचे सुरक्षाप्रमुख होते रिक रेस्कोर्ला. १९९३ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाल्यावर त्यांनी ठराविक काळाने सगळ्यांना जिने उतरायला लावायला सुरुवात केली. हातातला सौदा टाकून उतरावं लागतं म्हणून वरचे अधिकारी कुरकुरायचे. यांनी ऐकलं नाही. ११ सप्टेंबर २००१ ला पहिलं विमान शेजारच्या टॉवरवर आदळलं, तेव्हा साउथ टॉवरमध्ये जागेवरच थांबायच्या सूचना होत होत्या. रेस्कोर्लांनी हातात भोंगा घेऊन आपल्या लोकांना उतरवायला सुरुवात केली. १७ मिनिटांनी दुसरं विमान त्यांच्याच टॉवरवर आदळलं. कंपनीच्या तिथल्या सुमारे २,७०० माणसांपैकी जवळपास सगळी वाचली. उरलेल्यांना शोधायला ते पुन्हा वर गेले आणि आले नाहीत. त्या माणसांचा एकेका ड्रिलमध्ये किती वेळ गेला असेल, त्याचा हिशोब आता कोण मागेल?

तर तो आकडा उकरून काढा. हळू, पण काढा. आधी मॅनेजरांशी समोरासमोर बोला, शुक्रवारी नको, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, डोकं थंड असताना. त्यांच्यावर आरोप म्हणून बोलू नका. "त्या दिवशी मी ४३ लिहिलं, खरे २९ होते, मला ते दुरुस्त करायचंय, तुम्हाला आधी सांगते आहे," इतकंच. त्यांनी "आता कशाला" म्हटलं तर बंबवाल्याच्या प्रश्नाची गोष्ट सांगा. तुम्ही लिहिता त्यावरून ते ऐकतील असं मला वाटतं. नाही ऐकलं तरी त्याच दिवशी मेल पाठवा, कारण हा कागद तुमच्या सहीचा आहे, त्यांच्या नाही. मेल छोटा ठेवा: एप्रिलच्या ड्रिलमध्ये आमच्या भागातून ४३ पैकी २९ जण खाली आले. मी शीटवर ४३ लिहिलं, ती माझी चूक, नोंद दुरुस्त करावी. तातडीचं काम चालू असल्याने बाकीचे जागेवर थांबले. हूटर वाजल्यापासून 'ऑल क्लिअर' होईपर्यंत मजल्यावर मार्शलची सूचना सगळ्यांना बंधनकारक आहे, पदाचा विचार न करता, असं सर्व मॅनेजरांना लेखी कळवावं. नावं घालू नका, ना मॅनेजरांचं, ना त्या चौदांचं. त्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. ती मान्य झाली तर पुढच्या मार्शलला तुमच्यासारखं अडकावं लागणार नाही.

अप्रेझलवर परिणाम होईल का? होऊ शकतो, आणि ते नाकारून मी तुम्हाला धीर देणार नाही. पण सुरक्षेच्या कागदावरची चूक स्वतःहून दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याबद्दल उघडपणे काही बोलणं कोणत्याही कंपनीला अवघड जातं. हीच चूक पुढे दुसऱ्या कोणाला सापडली, तर मात्र बोलणं सोपं जाईल. आणि ती लेखी ओळ द्यायला कंपनीने नकार दिला, तर मार्शलपद परत करा. नुसतं जॅकेट घालून फिरण्यात तुमचंही भलं नाही, त्या मजल्याचंही नाही.

शुक्रवारचा प्रश्न जास्त चिवट आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न बोलता गृहीत धरली आहे, की तातडीचं काम आलं की सगळ्यांनीच उठायचं. आग लागली तर अख्खं अग्निशमन दल एका घरावर येतं का? जवळच्या केंद्रातून गाडी निघते, बाकीची केंद्रं आपापल्या जागी सज्ज राहतात, कारण दुसरीकडेही आग लागू शकते. तुमच्या टीममध्ये पाळी लावता येईल. एका शुक्रवारी दोघांची पाळी, निरोप आला तर ती दोघं पाहतील, लागलंच तर तिसऱ्याला हाक मारतील. बाकीचे घरी. ज्यांची पाळी त्यांना सोमवारी उशिरा यायची मुभा. हे सुचवण्याआधी सहा आठवडे एक वही ठेवा. निरोप कधी आला, कोणाकडून आला, कधीपर्यंत हवं म्हणाले, किती जण किती वाजेपर्यंत थांबले आणि क्लायंटने ते प्रत्यक्षात कधी उघडून पाहिलं. शेवटचा रकाना चुकवू नका. बँकेत आमच्याकडे वरच्या ऑफिसातून 'आजच्या आज' म्हणून तक्ते मागायचे. आमच्या एका मॅनेजरांनी ते कधी वापरले जातात हे तीन महिने नोंदवलं आणि ती वही वर नेऊन दाखवली. त्यानंतर निम्मे तक्ते महिन्याच्या अखेरीला द्यायचे ठरले. तक्रार केली असती तर कोणी ऐकलं नसतं, वहीपुढे बोलता आलं नाही.

निरोप आला की पहिला प्रश्न तुम्ही विचारायला शिका: हे सोमवारी सकाळी दहाला दिलं तर कोणाचं काय बिघडेल? कधीकधी उत्तर खरंच मोठं असेल. सर्व्हर बंद पडलाय, कोणाचे पगार अडकलेत. मग थांबा, मन लावून थांबा, आणि संपल्यावर सगळ्यांना मोठ्याने सांगा की संपलं, घरी जा. तुमच्या पत्रावरून वाटतं की हे 'संपलं' तुमच्याकडे कोणी म्हणतच नाही. लॅपटॉप मिटला तरी डोक्यातला हूटर चालू राहतो, रात्रीची झोप तिथेही जात असणार.

आणि 'फायर ड्रिल' हा शब्द टीममधून काढून टाका. त्याला 'घाईचं काम' म्हणा, 'तातडीचं' म्हणा, काहीही म्हणा. ज्या मजल्यावर तुम्ही मार्शल आहात तिथे तो शब्द एकाच अर्थाने वापरला जायला हवा. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

नोकरी सोडण्याचं आत्ता ठरवू नका. हूटर वाजत असताना घेतलेला निर्णय बहुतेक वेळा रोजच्या दाराकडे धावण्यासारखा असतो, आणि तुम्हाला मागचं दार अजून पाहायचंय. मेल जाऊ द्या, वही भरू द्या, पाळीचं बोलून पाहा. तीन महिन्यांनी काहीच हललं नाही, आणि पुढच्या ड्रिललाही मॅनेजरांनी माणसं बसवून ठेवली, तर दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात करा. तेव्हा कोणी विचारलं, का सोडलीत, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं कारण असेल.

राहिला मुलगा. त्याला खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल इतकं: "आम्ही चुकीचा शब्द वापरत होतो. माझ्या ऑफिसात आग लागत नाही, काम फार असतं. आणि एकदा खरं ड्रिल झालं तेव्हा काही जण खाली आले नाहीत, ते चुकलं, मी ते दुरुस्त करते आहे." मुलांना आईने चूक कबूल केल्याची भीती वाटत नाही. आई आगीत बसून राहते, याची वाटते.

मग एका रविवारी घरात ड्रिल करा, त्यालाच पुढे घालून. शाळेत जे शिकला ते तो तुम्हाला शिकवील. मुख्य दाराची किल्ली एकाच खुंटीवर राहते का, सेफ्टी डोअर आतून अंधारात उघडता येतं का, गॅसचा रेग्युलेटर सासूबाईंना बंद करता येतो का, मेन स्विच कुठे आहे, हे सगळ्यांनी हात लावून पाहायचं. धूर वर साचतो म्हणून खाली वाकून, लागलं तर रांगत जायचं. दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची, गरम असेल तर उघडायचं नाही. बाहेर पडताना दार मागे ओढून घ्यायचं, म्हणजे धूर जिन्यात पसरायला वेळ लागतो. लिफ्ट नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण घालायचं. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. १०१ किंवा ११२, दोन्ही नंबर मुलाला पाठ हवेत, आणि पत्ता विंग-मजल्यासकट. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांचा हात कोण धरणार, ते आजच ठरवा, आणि तो घरात नसेल तर दुसरं कोण, तेही.

जिन्यात नक्की थांबा आणि पाहा. आपल्या सोसायट्यांच्या जिन्यात चपलांचे रॅक, सायकली, जुनी कपाटं, कुंड्या असतात. खिडक्यांना पिंजऱ्यासारख्या ग्रिल असतात, आतून उघडणारी झडप बहुतेकांत नसतेच. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, फॉर्म बी म्हणतात त्याला. तुमच्या सेक्रेटरींना तो दाखवायला सांगा. आणि कागदावर सगळं ठीक असेल, तरी होजरीलमधून, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपमधून, पाणी येतं का ते एकदा समोर सोडून पाहायला सांगा. कागदावरचा आकडा आणि खाली उतरलेली माणसं यांत किती अंतर असू शकतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

घरातल्या ड्रिलला गेटपाशी वॉचमनच्या केबिनजवळ जमायचं ठरवा आणि मोजणी मुलाला करू द्या. चारांपैकी तीनच आले, तर तीनच सांगायचं, हे त्याला आधी सांगून ठेवा.

ऑफिसातलं पुढचं ड्रिल झालं की मला कळवा. शीटवर किती लिहिलंत तेवढंच कळवा, ४३ नसले तरी चालेल.